हिरवे पॅनकेक



संयोजकांनी मला ‘परदेशातील माझी वाटचाल’ असा विषय दिला आहे. त्यात सांगण्यासारखं फार नाही. नोकरी केली, घराचे हप्ते फेडले, केस गेले. म्हणून मी न्याहारीबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकावरच्यांनी हसू नये.

सहा वर्षांपूर्वी माझ्या बायकोला कॅन्सर झाला. आम्ही न्यू जर्सीत, मुलगी अकरा वर्षांची, आणि मला चहापलीकडे काही करता येत नव्हतं. केमोथेरपी सुरू झाली आणि घरातली फोडणी बंद झाली. मोहरी तडतडली की ती तोंड दाबून न्हाणीघराकडे धावायची. पोहे नाहीत, उपमा नाही, डोसा नाही. शेजारपाजारची मंडळी प्रेमाने डबे आणत, पण झाकण उघडायची सोय नव्हती. तिचं वजन उतरत होतं, आणि लेक रोज सकाळी उपाशी शाळेत जात होती. आईने काही खाल्लं नाही तर मीही खाणार नाही, असा तिचा हट्ट होता.

एका रविवारी लेकच म्हणाली, बाबा, पॅनकेक कर, त्याला वास येत नाही. ब्लूबेरी घरात होत्याच. आमच्या राज्यात जून-जुलैत त्यांचे ढीग असतात. जंगलात ही झुडपं पूर्वीपासून होती. पण त्यांची शेती करायचं मनावर घेतलं ते आमच्याच राज्यातल्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्या साथीने त्यांनी काम केलं. आसपासच्या लोकांना सांगून रानातली मोठ्यात मोठ्या फळांची झुडपं हेरली, आणि १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. या झुडपाला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते, हे कोव्हिलनी शोधून काढलं होतं. हे आम्ल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर मी मैदा घेतला. कृतीत ताक लिहिलं होतं, ते घरात नव्हतं, म्हणून साधं दूध घातलं. चांगले फुगावेत म्हणून खायचा सोडा दुप्पट टाकला. गुठळी राहू नये म्हणून पिठलं घोटावं तसं दहा मिनिटं घोटलं. ब्लूबेरी त्यातच ढवळल्या. तव्यावरून जे उतरलं ते वातड होतं, त्याला साबणाची चव होती, आणि प्रत्येक फळाभोवती हिरवंगार कडं होतं. बुरशी आल्यासारखं. लेकीने ताटली सरकवली आणि रडायला लागली. खरं सांगतो, मीही ओट्याला टेकून रडलो.

मग ते हिरवं कडं बघता बघता मला आपली प्रयोगशाळा आठवली. आठवीत सरांनी कुंपणावरच्या जास्वंदी तोडून आणायला लावल्या होत्या. पाकळ्यांच्या पाण्यात लिंबू पिळलं की गडद गुलाबी, सोडा टाकला की हिरवं. ब्लूबेरीचा रंगही त्याच जातीचा. माझं पीठ अल्कधर्मी झालं होतं! सर, त्या प्रयोगाच्या वहीवर आपण मला ‘निष्कर्ष अपूर्ण’ असा शेरा दिला होता. तो मी बऱ्याच वर्षांनी पूर्ण केला.

पुढच्या खेपेला एक कप दुधात चमचाभर लिंबाचा रस घालून ते फाटू दिलं. एक कप मैदा, मोठा चमचा साखर, लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धाच लहान चमचा सोडा, चिमूट मीठ, एक अंडं, दोन मोठे चमचे वितळलेलं लोणी. ओलं कोरड्यात ओतून आठ-दहा वेळाच ढवळायचं. गुठळ्या राहू द्यायच्या, जास्त घोटलं की मैदा चिवट होतो. दहा मिनिटं झाकून ठेवायचं. मंद तव्यावर पळीभर पीठ, आणि ब्लूबेरी वरून ठेवायच्या, म्हणजे रंग पिठात उतरत नाही. बुडबुडे फुटून त्यांची भोकं तशीच राहिली की उलटायचं, एकदाच. वरून दाबायचं नाही. माझी आई व्हिडिओवर बघून म्हणाली, ही तर आंबोळीच की रे, फक्त आंबवायचा धीर नाही तुम्हाला.

बायकोने त्या दिवशी दीड पॅनकेक खाल्ला. तोंडाला सतत लोखंडाची चव असायची तिच्या, पण ब्लूबेरीचा आंबटपणा कळला म्हणाली. लेकीने चार खाल्ले. पुढचे पाच महिने दर रविवारी, आणि डोसनंतरच्या वाईट दिवसांत रोज सकाळी, मी तेच केलं. एखाद्या दिवशी ती अर्धाच खाई, एखाद्या दिवशी नुसती ताटलीकडे बघे. उरलेले मी डब्यात नेत असे.

ती आज आली आहे, तिसऱ्या रांगेत. मी हे सगळं सांगणार हे तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे घरी गेल्यावर माझं काही खरं नाही.

उद्या सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी पॅनकेक करणार आहे. ब्लूबेरी इथे मिळाल्या नाहीत, जांभळांचा हंगाम नाही, म्हणून केळी घालीन. आठला या. तवा एकच आहे, तेव्हा प्रार्थनेला उभे राहायचो तशी उंचीप्रमाणे रांग लावावी लागेल.