वारी झाल्यावर बघू
(शताब्दी सोहळ्यात दिंडीकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. सकाळपासून विणेकरी, चोपदार, मृदंगवादक यांची नावं घेतली गेली. रास्तच आहे. मी डोक्यावर तुळस घेऊन चाललेल्या एका बाईचं सांगणार आहे. ती माझी मंडळी. बावीस वाऱ्या केल्या तिने.

ज्येष्ठ महिना होता. भाताचं रोप लावणीला आलं होतं, वारीची बांधाबांध चालू होती. रात्री जेवणं झाल्यावर ती हळूच म्हणाली, "अहो, पाळी जाऊन पाच वर्षं झाली. आता परत अंगावर लाल जातंय." मी म्हटलं, "उष्णता असेल. वारी झाल्यावर बघू." वारी झाली, मग कापणी आली, मग कार्तिकी. तिने परत विषय काढला नाही. एकदा सांगून ऐकलं नाही तर बाई दुसऱ्यांदा सांगत नाही, मायबाप. माघात ती चक्कर येऊन पडली तेव्हा दवाखान्यात नेली. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, तोही पुढे गेलेला. शेक दिला, औषधं दिली. दीड वर्षात ती गेली.

चाळीस वर्षं मी कीर्तनात उभा राहतो. सोयराबाईंचा विटाळाचा अभंग कितीदा निरूपणाला घेतला. अभंग तोंडात होता आणि घरात कानाला दडे बसले होते. हे पाप मी आज तुमच्यापुढे कबूल करतो.

मी चौथी शिकलेला. पुढचं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना विचारून, कागदावर उतरवून आणलंय.

हा रोग एका विषाणूने होतो. हे शोधणाऱ्या जर्मन डॉक्टरांना, हाराल्ड त्सूर हाउझेन यांना, 2008 साली नोबेल मिळालं. विषाणू स्त्री-पुरुष संबंधातून येतो. पुरुषाच्या अंगात तो असला तरी बहुतेक वेळा काही दिसत नाही. बहुतेक बायांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. राहिला तर कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागू शकतात. म्हणून हा रोग झाला म्हणजे बाई वाईट चालीची, असं कोणी म्हणू नये. आणि पंधरा वर्षं म्हणजे पंधरा वाऱ्या. तेवढ्यात कधीही बघितलं असतं तर सापडलं असतं.

बघायचं कसं? त्याला मोठं मशीनच लागतं असं नाही. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, म्हणजे लोणच्यात घालतात तसलंच आंबट पाणी. मिनिटभर थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, पुढची तपासणी करतात. कॅन्सर व्हायच्या आधीची जागा असली तर ती गोठवून किंवा शेकून तिथेच घालवतात.

ज्या टाटाचं केंद्र आपल्या खारघरला आहे, त्याच टाटाच्या डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्टीत हे करून बघितलं. दीड लाख बाया, बारा वर्षं. दर दोन वर्षांनी तपासणी. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या बाया होत्या. ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात या कॅन्सरचे मृत्यू शेकडा 31 ने कमी झाले.

दुसरं काम पंढरपूरच्या जवळचं. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवला, टाटा आणि भगवंताच्या बार्शीचं कॅन्सर रुग्णालय यांनी 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखावर बायांचा अभ्यास केला. विषाणूची तपासणी फक्त एकदा केली, त्या गटात आठ वर्षांत 34 बाया या रोगाने गेल्या. तपासणी न झालेल्या जवळपास तेवढ्याच बायांत 64 गेल्या. व्हिनेगरने एकदाच बघितलं त्या गटात एवढा फरक पडला नाही. याचा अर्थ, व्हिनेगरची तपासणी एकदा करून भागत नाही, परत परत करायची. सरकारने 30 ते 65 वयाच्या बायांसाठी दर पाच वर्षांनी ती ठरवलेली आहे. कुठे होते ते आशाताईला विचारा.

बायांना भीती वाटते की तपासायला गेलं की पिशवी काढतील. भीती खोटी नाही. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्याचं उघड झालं, 2019 साली सरकारला समिती नेमावी लागली. पण तपासणी म्हणजे ऑपरेशन नव्हे. कोणी पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

पाळी गेल्यावर परत लाल जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये जाणं, संबंधानंतर जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं एकही असलं तर तपासणीची पाळी यायची वाट बघू नका. लगेच जा.

नातींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरमने 2023 पासून आपल्या देशातली लस आणली आहे. 9 ते 14 वर्षांच्या मुलींना ती सगळ्यात चांगली लागू पडते. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही.

आता शताब्दीचा संकल्प. प्रस्थानाच्या आधी महिनाभर आपल्या दिंडीतली 30 ते 65 वयाची प्रत्येक बाई तपासून येईल. एकटीला संकोच वाटत असेल तर पाच जणींनी मिळून जावं. वारीला आपण एकटं कुठे जातो?

आणि माळकरी पुरुषांनो, तुम्हाला एवढंच. बायको, सून, बहीण काही सांगेल तेव्हा "वारी झाल्यावर बघू" म्हणू नका. "उद्या जाऊ" म्हणा. आणि उद्या खरंच जा. पांडुरंग विटेवर उभाच आहे, तो थांबेल. हा रोग थांबत नाही.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!