नृत्याची पदवी आणि आपला शिष्यवृत्ती-निधी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करण्याचे काम आपण आम्हांकडे सोपविता. यंदा मात्र एका अर्जासंबंधी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. आपल्या शिष्यवृत्ती-निधीकडे एका मुलीचा अर्ज आला आहे. बारावीचे गुण चांगले, घरची स्थिती बेताची. आणि तिला आपल्या पुणे विद्यापीठात नृत्याची पदवी घ्यावयाची आहे. अर्ज वाचला जाताच छाननी समितीतील एक सभासद म्हणाले, "आता नाचण्याचीही पदवी निघाली काय?" समिती हसली. आम्हीही हसलो, हे येथे कबूल केले पाहिजे. अर्ज राखून ठेवण्यात आला. परंतु घरी आल्यावर ते हसणे आम्हांस पचेना.

त्याचे कारण जुने आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. ती संध्याकाळी कथक शिकावयास जात असे. तिच्या वडिलांनी आमचा सल्ला विचारला तेव्हा आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले, "दहावीचे वर्ष आहे, आता ते घुंगरू बांधून ठेवा." त्यांनी ऐकले. मुलगी पुढे बँकेत नोकरीस लागली, संसार उत्तम चालला आहे. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मी रस्त्यावर भेटली, वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाली, "गुरुजी, घुंगरू अजून माळ्यावर आहेत हं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

म्हणून या खेपेस आम्ही मत देण्यापूर्वी थोडी माहिती मिळविली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक; पदवीचा झगा कधी अंगावर चढला नाही. तेव्हा हे एका विद्यार्थ्याचे टिपण समजावे.

विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झाले. संगीत, नृत्य आणि नाट्य हे तेथील विषय. नृत्यात कथक व भरतनाट्यम्. केंद्राच्या नावापुढे 'गुरुकुल' हा शब्द आहे आणि तो शोभेचा नाही. तालीम गुरूजवळ घ्यावयाची, आणि शास्त्र, इतिहास यांचा अभ्यास करून विद्यापीठाच्या परीक्षेस बसावयाचे, अशी ती योजना आहे. प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याची तयारी पाहतात. कोऱ्या पाटीने तेथे जाता येत नाही.

ही योजना ज्यांच्या कष्टांवर उभी राहिली त्यांत रोहिणीताई भाटे यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९४६ साली कला शाखेच्या पदवीधर झाल्या. नृत्याची पदवी त्या काळी पुण्यात कोठली? पुढच्याच वर्षी त्यांनी 'नृत्यभारती'ची स्थापना केली. पांढरपेशा घरांतील मुलींना नृत्य शिकविणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. 'अभिनयदर्पण' या संस्कृत ग्रंथाच्या आधारे त्यांनी 'कथक दर्पण दीपिका' सिद्ध केली, आणि उतारवयात ललित कला केंद्रातही अध्यापन केले. २००८ साली त्या निवर्तल्या. भरतनाट्यमात सुचेताताई भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी राजांच्या रचना रंगभूमीवर आणल्या. सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या होत्या, हे आम्हांस वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळले! इतिहास शिकविताना आम्ही तंजावरचे नाव एका ओळीत संपवीत होतो.

आम्ही एका कथकच्या वर्गात जाऊनही बसलो. कोपऱ्यातील खुर्चीवर बसून कंटाळा येईल अशी समजूत होती. गुरूंनी एका मुलीला विचारले, "तीनतालात समेपासून उचल, पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये विसावा किती?" मुलीने क्षणभर बोटे मोजली आणि म्हणाली, "एकेक मात्रा." आम्ही खिशातील कागदावर मांडून पाहिले. पाच त्रिक पंधरा, मध्ये दोन विसावे, एकूण सतरा. ताल सोळा मात्रांचा, म्हणजे शेवटचा ठोका बरोबर पुढच्या समेवर. मग तिने ते पायांनी करून दाखविले. हयातभर अंकगणित शिकविलेल्या मनुष्यास तेथे हसू आले नाही. त्या मुली एका हाताच्या २८ मुद्रा त्यांच्या संस्कृत नावांसह पाठ म्हणत होत्या. आमच्या वर्गात पाढे इतके शुद्ध क्वचितच ऐकू आले.

आता एक अवघड गोष्ट. नाच म्हणताच आपल्या ओठांवर जे हसू येते ते कोठून येते? ज्यांच्या घरी नृत्य पिढीजात होते त्या स्त्रियांना आपण कधी मान दिला नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांचेच पाहा. कोल्हाटी समाजात जन्म, शाळेचे दार बंद, लावणी आणि अदाकारी हीच विद्या. पद्मश्री मिळाली २०१२ साली, वय सत्त्याण्णवाच्या घरात! आर्यभूषण थिएटरात मागच्या दाराने जाऊन टाळ्या देणारे आणि सकाळी नाक मुरडणारे आपल्याच ज्ञातीत नव्हते काय? नृत्याला प्रतिष्ठा आली ती आपल्यासारख्यांच्या मुली शिकू लागल्यावर. हा हिशेब सरळ नाही, हे आम्ही समजून आहोत. बडोद्यास थोडे निराळे घडले. सयाजीराव महाराजांचे लग्न १८८० साली तंजावरच्या मोहिते घराण्यातील मुलीशी झाले, तिच्याबरोबर तंजावरचे कलावंत आले. आणि त्याच परंपरेतील कुबेरनाथ तंजावरकर पुढे बडोद्याच्या विद्यापीठात गुरू झाले. विद्यापीठाच्या दारातून अशीही माणसे आत येऊ शकतात.

"पोटाचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. या पदवीने गलेलठ्ठ पगाराची नोकरी दारात येत नाही. वर्ग चालविणे, शाळांतून शिकविणे, कार्यक्रम, पुढे संशोधन, हे मार्ग आहेत आणि ते कष्टाचे आहेत. आम्ही मुलीच्या वडिलांना हे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, थोरल्याने अभियांत्रिकी केली, तो दोन वर्षे घरी बसला होता." त्यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते.

आपल्या निधीच्या नियमांत 'वैद्यकीय, अभियांत्रिकी, वाणिज्य व इतर उपयुक्त शिक्षण' असे शब्द आहेत. 'उपयुक्त' हा शब्द काढून 'विद्यापीठमान्य' हा शब्द घालावा, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. रक्कम थोडी आहे. एका वर्षाची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च कसाबसा निघेल. समितीची बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात आहे. सभासदांनी वेळेवर यावे, आणि ज्यांना हसावयाचे असेल त्यांनी आधी एकदा त्या वर्गात जाऊन बसावे. खुर्चीची व्यवस्था आम्ही करू.