रंग उडणे आणि रंग विटणे



परीट कोरे कापड भट्टीत घालतो तेव्हा त्याचा मळकट पिवळेपणा मुद्दाम काढला जातो. पेटीबाहेर राहिलेल्या शालूचा रंग मात्र आपल्या नकळत विटतो. दोन्हींत घडते एकच. रंग देणाऱ्या रेणूची बांधणी मोडते आणि मग तो रेणू रंग दाखवीत नाही.

युरोपात पूर्वी कापड पांढरे करण्यासाठी ते कुरणांवर महिनोन्‌महिने उन्हात पसरीत. १७७४ साली शेले याला क्लोरीन वायू सापडला, बर्थोले याने त्याचा उपयोग कापडासाठी केला आणि १७९९ मध्ये टेनंट याने ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. महिन्यांचे काम थोड्या वेळात होऊ लागले. पण हे औषध सुताचे. रेशीम आणि लोकर ही प्रथिने. ब्लीचच्या पाण्यात त्यांचा रंगच नव्हे, धागाही जातो.

जुना रंग पक्का आणि नवा कच्चा, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. नीळ आणि मंजिष्ठ टिकतात. हळद तितकीच जुनी, पण उन्हात लवकर उडते. १८५६ नंतर आलेल्या कृत्रिम रंगांपैकी सुरुवातीचे बरेचसे कच्चे निघाले, पुढचे कित्येक पक्के.

आता आपल्या घरांकडे वळू. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या कित्येक मराठी घरांत महेश्वरी आणि चंदेरी लुगडी जपलेली आहेत. हल्ली ती काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. साधी काच प्रकाश अडवीत नाही, आणि प्रकाशाचे नुकसान साठत जाते. संग्रहालये जुन्या वस्त्रांवर सुमारे ५० लक्सच प्रकाश ठेवतात. भर उन्हात तो १,००,००० लक्सपर्यंत जातो. ढोबळ हिशेबाने उन्हाचा एक तास म्हणजे संग्रहालयातले २,००० तास. वर्षातून दोन संध्याकाळी नेसलेल्या लुगड्यापेक्षा खिडकीसमोर टांगलेले लुगडे कितीतरी लवकर विटते.

म्हणून माझी विनंती एवढीच: लुगडे धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून अंधारात ठेवा. वर्षातून एकदा घडी बदला, नाहीतर जर घडीवर तुटते. लग्नकार्यात सुनांना, लेकींना ते जरूर नेसू द्या. आणि ते कोणाचे, कुठल्या गावाहून, कोणत्या कार्याला घेतलेले, हे एका कागदावर लिहून घडीसोबत ठेवा. उडालेला रंग परत आणता येत नाही. आज तो कसा दिसतो, तेही त्याच कागदावर लिहा.