जामखेडच्या बाया आणि जगाचं आरोग्यशास्त्र

1975 साली जागतिक आरोग्य संघटनेनं जिनिव्हाहून एक पुस्तक काढलं. लोकांनी स्वतः उभारलेल्या आरोग्यसेवेचे देशोदेशीचे प्रयोग त्यात होते. चीन, क्यूबा, टांझानिया यांच्या पंगतीला एक प्रकरण होतं आपल्या महाराष्ट्रातल्या जामखेडचं! तिथलं काम सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला डॉक्टर झाले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 साली या दुष्काळी मुलखात आले. पोरं दगावायची ती जुलाबानं, गोवरानं, धनुर्वातानं, उपासमारीनं. यातलं पुष्कळसं गावातच टाळता येण्यासारखं होतं. आरोळ्यांनी गावोगावच्या बायांना हाताशी धरलं. कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, अनेक जणी दलित वस्तीतल्या. ठरल्या दिवशी त्या जामखेडला जमायच्या, जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवायच्या, मुक्काम करायच्या. मग गावी जाऊन गरोदर बाईची तपासणी, तान्ह्याचं वजन, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजणं.

1978 साली अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला, तेव्हा जामखेडचा अनुभव जगापुढे होता. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी विद्यापीठांचे विद्यार्थी जामखेडला येऊन शिकू लागले.

पण कौतुक वेगळं आणि पुरावा वेगळा. तो 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापून आला. अभ्यासकांनी जामखेडच्या या प्रकल्पातली गावं आणि प्रकल्पाबाहेरची गावं निवडली. आयांना विचारलं: मुलं किती झाली, कुठलं गेलं, किती वयाचं होऊन गेलं? ज्या प्रश्नानं बाईच्या डोळ्यांत पाणी यावं, त्याचं उत्तर तिनं परक्या माणसाला दिलं. दोन्हीकडच्या परिस्थितीतला फरक हिशेबात धरूनही, प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी कमी निघाला.

अशा निबंधांवर नावं विद्यापीठांतल्या अभ्यासकांची येतात, आणि त्यांची मेहनत मोठीच असते. तरी ज्यांच्या कामाचं हे मोजमाप, त्या आरोग्यसेविकाही या संशोधनातल्या भागीदारच. यापुढे कुठलंही परदेशी विद्यापीठ आपल्या गावांत अभ्यासाला आलं, तर प्रश्नावली ठरवतानाच या बायांना बैठकीला बसवावं, निष्कर्ष आधी मराठीतून त्यांच्यापुढे वाचावेत आणि त्यांची संमती असेल तर निबंधावर त्यांचीही नावं छापावीत.