लाटेत कयाक का उलटते?



नारळी पौर्णिमा झाली, समुद्र शांत झाला की आमच्या बचत गटाच्या कयाक पाण्यात उतरतात. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, अरुंद होडी. तिच्यातून आम्ही पाहुण्यांना खाडीतलं कांदळवन दाखवतो.

गेल्या हंगामात पाहुण्याच्या आग्रहाखातर आमच्यातली एक जण खाडीच्या मुखाबाहेर, फुटत्या लाटांत गेली. परतताना मागून लाट आली, कयाक आडवी झाली आणि उलटली. दोघंही वाचली, पण तिचा खांदा निखळला. त्यानंतर आम्ही सगळ्याजणी जे शिकलो, ते सांगतो.

आमच्या कयाक लांब, सरळ तळाच्या. खाडीत त्या नाकासमोर धावतात. लाटेत मात्र हाच गुण नडतो. लाट मागची बाजू उचलते, पुढे बसलेल्या पाहुण्याच्या वजनाने टोक पाण्यात घुसतं, मागची बाजू फिरते आणि कयाक आडवी होते. आखूड, दोन्ही टोकं वर उचललेली कयाक लाटेत चटकन वळते. पण खाडीत ती सरळ चालत नाही, हात दमवते. म्हणजे एकच होडी दोन्हीकडे चांगली नसते.

कयाक आडवी झालीच, तर अंग लाटेकडे झुकवायचं. किनाऱ्याकडे झुकलं की ती कड पाण्यात रुतते आणि होडी पालथी होते. वल्हं लाटेवर टेकवायचं, पण कोपर अंगाशी ठेवून. हात डोक्यावर गेला की खांदा जातो. तिचं तेच झालं.

लाईफ जॅकेटचे पट्टे आवळलेले हवेत. हेल्मेट हवं, कारण उथळ पाण्यात डोकं तळावर आपटतं. वर बांधलेला डबा, पिशवी लाट ओरबाडून नेते, आणि लोंबती दोरी पायात अडकते.

आणि पडलात, तर होडी आणि किनारा यांच्यामध्ये कधीही राहू नका. आत बसायच्या कयाकमध्ये 200 लिटर पाणी शिरलं, तर वजन 200 किलोनं वाढतं. ती लाटेबरोबर अंगावर आली तर पाय मोडेल. नेहमी समुद्राच्या बाजूला राहा.

आमच्या गटाने ठराव केलाय : पाहुण्यांना घेऊन मुखाबाहेर जायचं नाही. कुणी जास्त पैसे देऊ केले, तरी नाही. एखादी फेरी बुडाली तर चालेल, बाई सुखरूप घरी यायला हवी.