वाचक मंडळाने कादंबरी कशी निवडावी?

वाचक मंडळासाठी कादंबरी निवडताना आपल्या चळवळीत एक सोपी वाट रूढ झाली आहे. पात्रांच्या तोंडून आपलेच विचार ऐकवणारी कादंबरी निवडायची. मग माना डोलतात, चहा होतो आणि बैठक संपते.

त्याऐवजी विभावरी शिरूरकरांची 'बळी' (१९५०) आणि अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) लागोपाठ वाचून पाहाव्यात. जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरविणारी राज्यव्यवस्था दोहोंच्या मुळाशी आहे. तिचा पाया १८७१ च्या कायद्याने घातला; तो कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. सोलापूरच्या वसाहतीत नोकरी केलेल्या मालतीबाई बेडेकर (शिरूरकर हे त्यांचेच टोपणनाव) तारेच्या कुंपणाआडचे जीवन करुणेने, पण डोळसपणे पाहतात. अण्णाभाऊ मात्र हजेरी द्यावी लागणाऱ्या समाजातच जन्मले. त्यांचा नायक दुष्काळात धान्य लुटून वाटतो; कोणाची कीव मागत नाही. कोणाला 'फकिरा' ही निव्वळ वीरगाथा वाटेल, कोणाला 'बळी'तील सहानुभूती वरून उतरलेली भासेल. हा वाद झालाच पाहिजे, आणि तो चिटणिसाने मिटवू नये.

प्रतींची अडचण खरीच आहे. वाचनालयात एखाददुसरी प्रत मिळते, आणि पाळी करून आलेल्या कामगाराकडून आठवड्यात दोनशे पानांची अपेक्षा धरणे हा अन्याय आहे. तेव्हा बैठकीतच एकेक प्रकरण मोठ्याने वाचावे. पुढची कादंबरी कोणती, हे आजवर गप्प बसलेल्या सभासदांना ठरवू द्यावे. मग ती रहस्यकथा निघाली तरी चालेल.