मैदान आहे, पण खेळतं कोण?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलावं अशी रीत आहे. आम्ही आज खेळावर बोलणार आहोत. कुणाला वाटेल, वय झालं आणि ह्यांना आता खेळ सुचतोय! पण कारण आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आणि दोन-तीन कार्यकर्ते काही संध्याकाळी मानवतमधल्या एका मैदानाच्या कडेला वही घेऊन बसलो. कोण आलं, किती वेळ खेळलं, कोण नुसतंच उभं राहिलं, हे लिहीत गेलो. मोठी पोरं बॅट घेऊन मधोमध. आपल्या वस्तीतली लहान पोरं दूर, नालीत गेलेला बॉल आणून द्यायला. पोरी दिसल्या त्या भावाला कडेवर घेऊन काठावर उभ्या. खेळणारी पोरगी आमच्या वहीत एकही नाही. मैदानाला कुलूप नाही, कुणी कुणाला अडवलेलं नाही. मग हे असं का?

बॉल आणून देणारी ती पोरं पाहून आम्हाला पालवणकर बाळू आठवले. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात इंग्रज साहेबांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करीत. साहेबांच्या सरावासाठी त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली, पण बॅट काही त्यांच्या हाती कुणी दिली नाही. पुढं हिंदूंच्या संघाला ते हवेसे झाले. तरी चहा मिळायचा तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. परतल्यावर त्यांचा सत्कार झाला, त्याचं मानपत्र तरुण भीमरावांनी लिहिलं होतं, असं रामचंद्र गुहा यांच्या पुस्तकात आहे. एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना मिळालं नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. (१९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. तेही सांगितलं पाहिजे, झाकून ठेवू नये.)

हल्ली अशा गोष्टींचे रीतसर अभ्यास होतात. २०१८ च्या ‘असर’ अहवालात देशातल्या ग्रामीण शाळांपैकी दहातल्या सुमारे आठ शाळांना आवारात किंवा जवळपास मैदान होतं. पण शारीरिक शिक्षणाचा वेगळा शिक्षक? प्राथमिक शाळांत शंभराला सहासुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली १४६ देशांचा अभ्यास मांडला. त्यात ११ ते १७ वयाच्या शंभर मुलींपैकी ८५ जणींची पुरेशी हालचाल होत नाही. मुलांत हाच आकडा ७८. म्हणजे दुखणं जगाचं आहे, पण औषध आपल्या घरचं आपल्यालाच करावं लागेल.

आम्ही मग आयाबहिणींना विचारलं. उत्तरं साधी. नळाला पाणी येतं तीच वेळ. परत येताना रस्त्यावर दिवा नाही. मैदानाजवळ संडासाची सोय नाही. ‘पोरगी शहाणी झाली, आता कशाला उड्या मारायच्या?’ असं म्हणणाऱ्या आया थोड्या, बाप जास्त. एक पोरगी मात्र आईच्या मागून पटकन बोलली, “विहारामागंच खेळायचो की आम्ही. तुम्हीच बंद केलं.”

खरं बोलली. विहारामागच्या मोकळ्या जागेत पोरी खो-खो खेळायच्या. लग्नकार्याला बरं पडेल म्हणून तिथं पत्र्याचं शेड टाकायचं ठरलं आणि खडी येऊन पडली. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. खेळणाऱ्या पोरींना विचारावं, हे त्या बैठकीत एकालाही सुचलं नाही. रोज हक्काची भाषा बोलणाऱ्या आम्हालाही नाही.

खो-खोला लागतं काय? दोन खांब आणि सपाट माती. आपल्या मराठवाड्यातल्या धाराशिवची सारिका काळे ह्याच खेळात भारताची कर्णधार झाली, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तोही भारताच्या मुलींनी जिंकला.

शेड अजून उभं राहिलेलं नाही. ते एका बाजूला सरकवावं आणि बाकीची जागा पोरींना खेळायला द्यावी, असा ठराव आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. त्या बैठकीला पोरींनी यावं, त्यांच्या आयांनीही यावं. ठराव मंजूर झाला तर खडी उचलायला फावडं-टोपलं घेऊन आम्ही पहिले येऊ. टाकतानाही होतोच.

जयभीम!